झाकणावर एक, तळाला एक

व्यंकोबाअण्णांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ती ते आधी उलटी करून बघत. काडेपेटी, कंदील, नवी छत्री, देवळातली प्रसादाची वाटी, काहीही. बूड बघितल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास म्हणून बसत नसे. मी बेळगावहून बंगळूरला कारखान्यात नोकरीला आलो आणि मल्लेश्वरमच्या एका वठारात त्यांच्या शेजारची खोली घेतली. एका अंगणाभोवती बरीच बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून एक नळ, याला तिकडे वठार म्हणतात. पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या पत्नीनं, राधाक्कांनी, मला लोटाभर कॉफी दिली. अण्णांनी तो लोटा माझ्या हातातून घेतला, तो भरलेला आहे हे ध्यानात यायच्या आत पालथा केला, बुडावरचं नाव वाचलं आणि आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "सरी, ठीक. आपलाच आहे." कॉफी माझ्या पँटवर होती.

"वठारात भांडी बदलतात हो," त्यांनी मला समजावलं. "मला स्वल्प संशय आला."

हा 'स्वल्प संशय' त्यांना दिवसातून किती वेळा येई याला सुमार नव्हता. दूधवाल्याच्या मापाबद्दल येई, रेडिओवरच्या हवामानाबद्दल येई, आणि यशवंतपूरच्या फाटकावर उभ्या असलेल्या मालगाडीबद्दलही येई, की ही मुद्दामच थांबली आहे. पण सगळ्यात दाट संशय दोन नावांचा. कुणाला घरी एक आणि बाहेर एक नाव असलं की अण्णांचे डोळे बारीक होत. मी पाकिटावर एक आद्याक्षर जास्त लिहितो म्हणून पहिला महिनाभर मी फरारी असावा असंच ते धरून चालले होते. "ज्याला दोन नावं, त्याला स्वल्प लपवायचंय. ज्याला चार, त्याला पोलीस शोधतात," हा त्यांचा सिद्धांत.

असल्या माणसाला देवानं नोकरी कुठं द्यावी? यशवंतपूरला मालधक्क्याजवळ पुठ्ठ्याचे घरगुती खेळ छापणारा एक छापखाना होता. अण्णा तिथं पॅकिंगला. सापशिडीचा पट छापून आला की घडी घालायची, सोंगट्या आणि फासा पेटीत टाकायचा आणि झाकणावर लेबल चिकटवायचं. घोळ लेबलाचा होता. पुणे-बेळगावकडे जाणाऱ्या पेटीवर 'सापशिडी', म्हैसूरकडच्या पेटीवर 'हावु-एणी', आंध्रात जाणारीवर 'वैकुंठपाळी' आणि मद्रासच्या पेटीवर 'परमपदम'. आत पट एकच. साप तेच, शिड्या त्याच.

"बघा देसाई," ते मला सांगत, "एकाच मालाला चार नावं. काय समजायचं?"

"ज्याला त्याला आपल्या भाषेत कळावं म्हणून असेल अण्णा."

"मग आंध्रातल्या लोकांना वैकुंठ आणि आपल्याला नुसती शिडी? किंमत तर तीच. शिडी चढून पोचायचं कुठं, ते आपल्या लोकांना कुणी सांगितलंच नाही."

खरं सांगायचं तर हे मलाही थोडं लागलं.

त्यांनी यावर एक तोड काढली होती. त्यांची आई या खेळाला मोक्षपट म्हणायची. आईनं म्हटलं ते खरं नाव, बाकीची बाजारातली. तेव्हा अण्णांनी पदरचे पैसे घालून 'मोक्षपट' असा इवलासा रबरी शिक्का करून घेतला आणि प्रत्येक पटाच्या पाठीवर, कोपऱ्यात, कुणाच्या नजरेस येणार नाही असा तो मारू लागले. मद्रासला पेटी गेली तरी तळाला मोक्षपट. गुंटूरला गेली तरी मोक्षपट.

एका रविवारी छापखाना चालू होता आणि मला सुट्टी. अण्णा डबा विसरले म्हणून राधाक्कांनी मला पिटाळलं. मी पोचलो तेव्हा मालकांच्या हातात एक उलटा पट होता आणि अण्णा समोर उभे होते. मालक मोठे शांत गृहस्थ. ते कन्नडात म्हणाले, "व्यंकोबराव, चोर मी नाही. माणूस दुकानात येतो तो आजीनं घरात जे नाव घेतलं तेच शोधतो. ते दिसलं की त्याला पेटी आपली वाटते. परकं नाव दिसलं की तो हातही लावत नाही. नाव मी माझ्या सोयीनं देत नाही, ज्याच्या घरात जायचं त्याच्या सोयीनं देतो."

"सरी," अण्णा म्हणाले. "पण कुणी विचारलं, मुळात ही कोण, तर?"

मालकांनी पट सुलटा केला. "झाकणावर लेबल माझं. तळाला तुमचा शिक्का असू दे," ते म्हणाले. अण्णांनी डबा घेतला, उघडला, आणि ही दिलदारी कशासाठी असावी याचा जेवण होईपर्यंत विचार केला.

घरी त्यांचा जीव होता तुंगेत. तुंगा ही त्यांची एकुलती एक लेक, कॉलेजात शिकणारी, वाऱ्यासारखी चपळ. अण्णा कामावरून आले की ओसरीवर खडूनं चौकाबाऱ्याचा पट आखायचा आणि बापलेकीनं कवड्या टाकायच्या. अण्णा तिच्या कवड्या उलटसुलट करून बघायचे, ती त्यांच्या सोंगट्या हलवायची, आणि भांडण ऐकून बिऱ्हाडं दारात यायची. "तुंगा" अशी अण्णांची हाक गल्लीच्या टोकापर्यंत जाई. राधाक्कांना मात्र ते कधीच नावानं हाक मारत नसत. "अगं" एवढ्यावर त्यांचा संसार झाला होता.

त्या तुंगेला पुण्याचं स्थळ आलं, आणि तेही माझ्याच मावशीच्या नात्यातलं. मुलगा बँकेत, स्वभावानं निर्मळ. बघायला आला तेव्हा मंडळी आत पोहे खात असताना अण्णा अंगणात त्याच्या चपला उलट्या करून तळवे बघत होते. दोन्ही सारखे झिजलेले होते, म्हणजे माणूस सरळ चालतो. इथवर ठीक होतं. मग त्याच्या आईनं त्याला 'बाळ' म्हणून हाक मारली आणि पत्रिकेत तर मधुसूदन होतं. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला हे दुसरं नाव मिळवून दिलं होतं. तरी तेही त्यांनी गिळलं, कारण तुंगेला मुलगा पसंत होता. ते तिनं आईजवळ स्पष्ट सांगितलं होतं, आणि मधली भिंत पातळ असल्यामुळे मीही ऐकलं होतं.

निघता निघता मुलाची आई सहज म्हणाली, "आमच्यात सुनेचं नाव बदलतात बरं का. आम्ही मृणालिनी ठरवलंय."

अण्णांच्या हातातलं पानाचं तबक तसंच राहिलं. पाहुणे टांग्यात बसले, टांगा वळला, तरी ते दारात उभे होते. मग म्हणाले, "हे स्थळ नको. मला स्वल्प संशय आहे."

आठवडाभर घरात कुणी नीट जेवलं नाही. मी मध्यस्थ, त्यामुळे समजूत घालायचं काम माझ्याकडे. मी सांगितलं की ही जुनी रीत आहे, सगळीकडे आहे, माणसं चांगली आहेत. तुंगा तर हसत म्हणाली, "अण्णा, लेबल बदललं तरी आत मी तीच असणार की." ओसरीवर पट आखलेला होता आणि अण्णा एकही कवडी टाकत नव्हते.

शेवटी अण्णांच्या तोंडून निघालं. "उद्या मी पुण्याला जाईन," ते म्हणाले. "गल्लीत विचारीन, आमची तुंगा कुठं राहते? लोक म्हणतील, इथं तुंगा म्हणून कुणी नाही. आणि ते खोटं बोलत नसतील देसाई. मी काय करू तिथं उभा राहून?" मला त्यांची फार दया आली, आणि इतके दिवस त्यांच्या संशयावर हसत होतो त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं.

तेवढ्यात राधाक्का आतून आल्या. हाताला पीठ होतं. त्या कधी मोठ्यानं बोलत नसत, तेव्हाही बोलल्या नाहीत. "मी तरी कुठं राधा? मी भागीरथी. माझे अप्पा भागू म्हणायचे. तुमच्या घरात आले त्या दिवशी राधा झाले, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. जगाची भांडी उलटी करून बघितलीत. मला कधी विचारलंत?"

एवढं बोलून त्या पीठ मळायला परत गेल्या. अण्णा ओसरीवर बसले. एक कवडी उचलून ते उलटी-सुलटी करत राहिले, पण त्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. सकाळी कामावर निघताना सायकलला टेकून मला म्हणाले, "पुण्याला कळवा. होय म्हणून."

यानंतर अण्णा इतके गरिबासारखे वागू लागले की आता संशय घ्यायची पाळी माझी आली. मुलाकडच्यांचं म्हणणं होतं की आंदणाच्या भांड्यांवर नवं नाव घालावं. अण्णा एका शब्दानं बोलले नाहीत. चिकपेठेत भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे स्वतः गेले आणि घागर, तपेली, ताटं, सगळ्यांच्या काठावर 'सौ. मृणालिनी' ठळक घालून आणलं. मला बरोबर येऊ दिलं नाही. ओझं होतं, तरीही नाही.

लग्न बंगळूरलाच झालं. जानवशाच्या खोलीत लक्ष्मीपूजन मांडलं. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. वरमाईंनी चांदीचं ताट पुढे केलं, तर अण्णा लगबगीनं आडवे आले. "आमचं घ्या, आमचं घ्या. नवं आहे." पाहुण्यांना वाटलं, हौस आहे बापाची. तुंगेनं ते पितळी ताट दोन्ही हातांनी खालून धरलं. जावईबापू तांदळात 'मृणालिनी' रेखत होते आणि बायका वाकून बघत होत्या. मी तुंगेकडे बघत होतो. तिची बोटं ताटाखाली काहीतरी चाचपत थांबली. तिनं मान वर केली आणि गर्दीत अण्णांना शोधलं. अण्णा छताकडे बघत होते. पोरीच्या डोळ्यांतून टपटप पाणी तांदळात पडलं. बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय.

तांदूळ पिशवीत ओतायला वरमाईंनी ताट तिरकं केलं, तेव्हा मला बूड दिसलं. मधोमध, त्या रबरी शिक्क्याएवढ्या अक्षरांत: तुंगा. मग मी हळूच कोपऱ्यातली तपेली उलटी केली, घागर कलती केली. सगळ्यांच्या बुडाला तुंगा. पुण्याला दोन नावांची भांडी निघाली होती आणि ती पाठवणारे होते व्यंकोबाअण्णा.

मंडळी पुण्याच्या गाडीत बसली. घर ओकंबोकं झालं. ओसरीवर पट आखणारं कुणी नव्हतं, म्हणून संध्याकाळी मी जाऊन बसू लागलो. अण्णा माझ्या कवड्या तपासत नसत, त्यामुळे खेळात काही जीव नव्हता.

अशाच एका संध्याकाळी राधाक्कांनी कॉफी आणली. माझा लोटा नवा, चकचकीत होता. कॉफी संपली आणि अण्णांची सवय आता मलाही लागली असावी, मी तो सहज पालथा केला. बुडावर लिहिलं होतं: भागू.

अण्णांनी झडप घालून लोटा माझ्या हातातून घेतला. "स्वल्प हळू," ते कुजबुजले. "तिला अजून माहीत नाही."

मी आत पाहिलं. स्वयंपाकघराच्या फळीवर घासलेली भांडी ओळीनं सुलटी मांडलेली होती. राधाक्का बाहेर आल्या, अण्णांच्या हातातला लोटा घेऊन गेल्या आणि त्यांनी तो विसळला. नंतर पदरानं पुसून त्यांनी तो फळीवर अगदी पुढे ठेवला. तो एकटाच पालथा होता. ओसरीवरून बुडावरची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

अण्णांनी ती वाचली. मग माझ्या कानाशी वाकले.

"देसाई," ते म्हणाले, "मला स्वल्प संशय आहे. तिला कळलंय."