गबाजीचा उन्हावरचा बाजा

एका जंगलात, बाळांनो, अस्वलांची लग्नं पत्रिका बघून जमत नसत. बाजा ऐकून जमत. कसला बाजा म्हणून काय विचारता? तोंडाने फुंकायचा, माउथ ऑर्गन! मुलाने झाडाच्या ढोलीत मुंडकं घालून तो वाजवायचा. मधमाश्या सुरात गुंग झाल्या की पोळं काढून मुलीला द्यायचं. मधेच दम तुटला, तर लग्न मोडलं आणि वर थोबाडही सुजलं.

गबाजी अस्वलाचा दम तीन फुंकांत संपे. आणि जीव जडला होता भागूवर! तिला बघायला जायचा दिवस जवळ आला, तसा बिचारा काळजीने अर्धा झाला. खोटं कशाला सांगू, जेवण मात्र कमी झालं नव्हतं.

तो टोकेरावांकडे गेला. टोकेराव म्हणजे सुतारपक्षी, बाजे घडवणारे पिढीजात कारागीर. चोचीमुळे त्यांना स्वतःला कधी बाजा फुंकता आला नव्हता. म्हणून त्यांची मतं फार ठाम होती.

"हा घ्या," टोकेराव म्हणाले. "सागवानी अंग, पितळी पट्ट्या, अगदी आजोबांच्या वेळच्या. आत चिप, वर सोलर. उन्हात धरा, आपोआप वाजतो."

"आणि फुंकलं तर?"

"तरीही वाजेल. पण उगाच कशाला त्रास?"

गबाजी हरखून गेला.

भागूच्या अंगणात बाजा काय वाजला म्हणता! तेवढ्यात पोहे आले. गबाजीने बाजा ओठांच्या कोपऱ्यात सरकवला आणि पोहे हाणले. सूर चालूच.

"अगं बाई, केवढा दम पोराचा!" भागूची आई म्हणाली.

"खाता खाता वाजवतोय," वडील म्हणाले. "आमच्या वेळी नव्हतं हो असं! चला जावईबापू, ढोलीकडे."

गबाजीने ऐटीत ढोलीत मुंडकं घातलं. आणि काय झालं, ओळखा पाहू? अहो, ढोलीत कुठलं आलंय ऊन! बाजा गप्प. माश्या जाग्या.

'गेली भागू हातची,' गबाजीच्या मनात आलं. तोच पहिली माशी नाकाला डसली आणि गबाजी जन्मात पहिल्यांदा बेंबीच्या देठापासून ओरडला. बाजा तोंडातच होता. सगळी ओरड पितळी पट्ट्यांतून बाहेर पडली. दुसरी डसली, सूर चढला. चाळिसाव्या माशीला तर असा काही लागला, की माश्याच पोळं सोडून पळाल्या.

पोळं घेऊन गबाजी बाहेर आला. तोंडाचा पार भोपळा झाला होता. भागूच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"अहो, किती मनापासून वाजवता तुम्ही!"

गबाजीला खरं काय ते सांगायचं होतं. पण ओठ उघडेनात. तेवढ्यात लग्न ठरलं.

टोकेरावांनी लगोलग नवं मॉडेल काढलं. सागवान तेच, पितळ तेच. फक्त चिपच्या जागी छोटी डबी, आणि डबीत एक मधमाशी.

तात्पर्य : दम वाढवायला रियाज करत बसू नये. सुजायची तयारी ठेवावी. लोक त्यालाच साधना म्हणतात.