ओल्या विटेच्या रंगाचा ड्रेस

मुरमांचं मलम मी भाकरीवर लोणी थापावं तसं तोंडावर थापलं आणि शब्बीरमामूंची ईद घालवली.

वय बत्तीस, गालांवर मात्र सोळाव्या वर्षाची मुरमं, आणि रविवारी मुलगी बघायला जायचं. औषधाच्या दुकानात बेंझॉइल पेरॉक्साइडची ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळाली. दुकानदार म्हणाला, "मटकीएवढं लावा. रात्री लावा. कापडाला लागू देऊ नका, रंग उडतो." पहिलं मी विसरलो, दुसरं टाळलं, तिसरं ऐकलंच नाही.

शब्बीरमामू म्हणजे आमच्या नेकनूरचे टेलर. लाल, निळा, हिरवा हे शब्द त्यांना चालत नाहीत. "नुसता निळा? रंगाला आडनाव असतंय बे!" त्यांचा एक रंग 'नासलेल्या ताकाचा', एक 'रुसलेल्या वांग्याचा'. रविवारसाठी शिवायला टाकलेल्या माझ्या शर्टाला त्यांनी 'उकडलेल्या शेंगेचा' ठरवला. "तुज्या थोबाडाला दुसरा झेपायचा न्हाई."

त्यांच्या आरशाशेजारी एक बायकांचा ड्रेस कायम टांगलेला. कुणी भाव विचारला की, "नमुना हाय. इकायचा न्हाई." दर ईदला जुना नमुना गायब व्हायचा, मग नवा यायचा. आम्ही कट्ट्यावर म्हणायचो, मामू घरी जाऊन स्वतःच घालत असतील.

शर्ट घालून बघायला मी भर दुपारी गेलो, तोही मलम थापूनच. घामाबरोबर ते डोळ्यांत उतरलं. आग आग! डोळे मिटून हाताला लागेल ते ओढलं आणि तोंड खसाखसा पुसलं. नमुन्याची ओढणी होती. डाग काही दिसला नाही. घडी नीट करून परत टांगली.

सकाळी मामूंनी हाक मारली. ओढणीवर माझे दोन गाल आणि नाक पिवळट उमटलं होतं.

मामू ओरडले नाहीत. कापड न लावताच मशीन चालवत राहिले. मीच म्हणालो, "नमुनाच ना, मामू? दुसरा शिवा."

"तुज्या मामीचा हाय," ते म्हणाले.

मामी भांडून माहेरी, धर्मापुरीला गेल्या त्याला कैक वर्षं झाली. दर ईदला मामू कुणाच्या तरी हाती ड्रेस पाठवायचे. उत्तर कधी आलं नाही. यंदा पहिल्यांदा निरोप आला होता: 'ओल्या विटेचा शिवा. घालून येते.'

त्या रंगाची ओढणी बीडभर हिंडून मिळाली नाही. रविवारी मुलगी बघायला जाण्याऐवजी तोच ड्रेस घेऊन मी धर्मापुरीला गेलो. सगळं सांगितलं.

मामींनी ओढणी उजेडात धरली. "ते काय म्हणले?"

"काहीच नाही."

"तसंच हाय त्यांचं. बोलायचं तवा मशीन चालवतेत." डागावरून त्यांचा अंगठा हळूहळू फिरत होता.

"दुसऱ्या रंगाची ओढणी घेऊन याल का, मामी?"

"मी इटेचाच म्हणले होते. ह्या ईदला न्हाई आता." त्यांनी ड्रेस घडी करून मांडीवर ठेवला, परत काही दिला नाही. मी उठलो तेव्हा त्यांनी माझा चेहरा नीट न्याहाळला.

"येवढ्या कापडाचं वाटोळं केलंस," त्या म्हणाल्या, "आन् मुरमं तर हायेत तशीच की रे!"