सुकदेवनाना आणि सहावी वाटी

आमच्या समोरच्या दारातले सुकदेवनाना रिकामं भांडं परत देत नाहीत. आता ही रीत काही त्यांनी काढलेली नाही, आमच्या आईचीही होती. पण आईकडे भांड्यात घालायला काहीतरी असायचं. नाना एकटे. लग्न केलं नाही, चहापलीकडे काही करता येत नाही. तरी भांडं भरूनच द्यायचं. एकदा माझ्या बायकोने, यमुनेने, कुकरसकट खिचडी पाठवली. कुकर संध्याकाळी परत आला, घासूनपुसून, आणि आत एक शेंगदाणा. एकच. एकदा वाटीत दोन मिरच्या आल्या. एकदा खिळा आला.

"नाना, खिळ्याचं कालवण करू का?" यमुनेने विचारलं.

"कॅलेंडर टांगा ना, वहिनी. भांडं उपाशी धाडायचं नई."

बोलणं सटाण्याकडचं. जन्म तिकडे कांद्याची मापं टाकण्यात गेला. पुतण्याने इथे फ्लॅट घेतला आणि तो परगावी गेला, म्हणून हे राखण करायला आले. हातात काही दिलं की आधी तोलून बघणार. "आज वाटी कालच्यापेक्षा हलकी शे, वहिनी." तोंडावर सांगायचे. यमुना चिडायची, आणि दुसऱ्या दिवशी पळीभर जास्त घालायची.

मी चौथी शिकलेला माणूस. शहराबाहेर, द्वारका चौकाच्या पुढे आमचा फुलांचा मळा होता. तिथे शेजारणीला हाक मारायची तर बांधावरून ओरडावं लागे, तरी दिवसातून चार भांडी इकडून तिकडे जात. मळा गेला, तिथेच ही बिल्डिंग उठली, आम्हाला तिच्यात घर मिळालं. नव्वद सालानंतरची ती पहिली वर्षं बरी होती. दारं उघडी असायची, फोडणीच्या वासावरून कुणाकडे काय आहे ते जिन्यात कळायचं. यमुनेच्या सहा वाट्या होत्या, थोरल्याच्या बारशाला घेतलेल्या. प्रत्येकीवर 'सौ. यमुना' कोरलेलं. त्या वाट्या घरात कमी आणि जिन्यात जास्त.

मग दोन हजार साल उलटलं तसं एकेकाने दाराला जाळी बसवली, दाराला भोक पाडून त्यात भिंग घातलं. आता माणूस आधी भोकातून बघतो आणि मग घरात आहे की नाही ते ठरवतो. वरच्या मजल्यावरच्या नव्या सुनेने एका दिवाळीला नानांना प्लास्टिकच्या डब्यात चकल्या दिल्या. म्हणाली, "डबा परत नको हं नाना, फेकून द्या."

नाना डबा घेऊन आमच्याकडे. "फेकून द्या म्हणती, वहिनी. मग मी तिच्या दाराशी जायचं काय म्हणून?"

फेकला नाही. धुतला, चार लवंगा घातल्या आणि वर नेला. तिने भोकातून पाहिलं आणि आतूनच सांगितलं, "ठेवा तिथेच." तीन दिवस तो डबा पायरीवर होता.

मागच्या पौषात यमुना गेली. पोटात दुखतंय म्हणाली, दवाखान्यात नेली, आणि घरी आणली ती तशीच.

तेरावं झाल्यावर लेक भांडी आवरत होती. म्हणाली, "तात्या, वाट्या पाचच भरतात."

सहावी कुठे आहे ते मला ठाऊक होतं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी यमुनेने तांबड्या भोपळ्याची भाजी समोर धाडली होती.

मी वाट बघत राहिलो. सकाळी नेलेलं भांडं संध्याकाळी आणून देणारा माणूस, महिना गेला तरी देईना. चार महिने गेले. जिन्यात दिसलो की मान खाली. एकदा विचारलं तर म्हणाले, "देतो ना, तात्या. आज नई."

माझ्या घरात तिच्या नावाचं राहिलंच काय होतं? साड्या लेकीने वाटून टाकल्या. रेशनकार्डावरचं नाव मीच कमी करून आलो. उरल्या त्या वाट्या, आणि त्यातली एक या माणसाने दाबून ठेवलेली. एके दिवशी डोकं फिरलं. भर जिन्यात ओरडलो, "नाना, माझ्या बायकोची वाटी पचवता काय?"

वर कुठेतरी दार उघडलं आणि मिटलं. नाना आत गेले. मी मागोमाग घुसलो.

ओट्यावर सगळीकडे तांबडा भोपळा. साली, बिया, फोडी. दोन करपलेल्या कढया भिंतीला टेकवलेल्या. आणि मधोमध यमुनेची वाटी, घासून लख्ख, पालथी घातलेली.

"चार महिने करतोय," नाना म्हणाले. "कधी गाळ होतो, कधी कच्ची राहाती. वहिनींसारखी येत नई."

"अहो, मग शेंगदाणा टाकायचा. खिळा टाकायचा. तिला चालायचं, मला चाललं नसतं?"

"त्या होत्या तव्हा चाललं. त्यांच्या शेवटच्या वाटीत खिळा घालू?" नाना भोपळ्याच्या बिया गोळा करायला लागले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि ही दिली का खलास, तात्या. परत भरून कोण धाडणार?"

पन्नास वर्षं तिच्या हातचं गिळलं, पण शेगडीपाशी कधी उभा राहिलो नाही. त्या भाजीतली एकच गोष्ट मला माहीत होती, कारण तीच मी ताटाच्या कडेला काढून ठेवायचो आणि त्यावरून बोलणी खायचो.

"फोडणीत मेथ्या घातल्या का?"

"मेथ्या?"

"कडू लागतात. पण ती घालायची."

घरी जाऊन तिच्या मिसळणाच्या डब्यातून चिमूटभर मेथ्या आणल्या. भाजी झाली. खालून लागलेली, मीठ जास्त. नानांनी वाटी भरली, तळहातावर तोलली आणि म्हणाले, "वजन बरोबर शे." मी हात पुढे केला तर देईनात.

"असं नई. तुम्ही घरात जा आधी. दार लावा."

गेलो. दार लावलं. बेल वाजली. उघडलं तर नाना वाटी घेऊन उभे.

भाजी खाल्ली. मेथ्या या वेळी कडेला काढल्या नाहीत. वाटी घासली, पुसली. फळीवर पाच वाट्या एकात एक घातलेल्या होत्या. सहावी वर ठेवायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

शेंगदाण्याचा डबा शोधायला वेळ लागला, कुठे काय ठेवायची ते मला अजून सापडत नाही. वाटीत एक शेंगदाणा टाकला, आणि समोर जाऊन बेल दाबली.