भोळ्याचा घेर

“ताई, तुमची टेप आखडलीय की डोळे?” असं म्हणत घोडेस्वारी शिकवणाऱ्या मास्तरांनी डोक्यावरचं खोगीर कापायच्या टेबलावर धाडकन टाकलं. टेबलाखाली चिंध्यांचं घर मांडून बसलेली शिंपीणबाईंची चार वर्षांची लेक दचकली आणि घराचं दार म्हणून लावलेली चिंधी तिने ओढून घेतली.

मास्तरांची उजवी बाजू खांद्यापासून बुटापर्यंत चिखलाची होती. डावी इस्त्रीची होती.

“झालं काय?”

“काय झालं म्हणे! नवीन आलेल्या बारा जणांना ताठ कसं बसायचं ते दाखवत होतो. ताठच होतो मी. पण ताठच्या ताठ आडवा झालो! खोगीर फिरलं, ताई. तुमचा तंग सैल पडला!”

तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाऊन खोगीर आवळून धरणारा पट्टा. जुना तुटला, तेव्हा शिंपीणबाईंनी स्वतः तबेल्यात जाऊन भोळ्या नावाच्या त्या घोड्याचा घेर मोजला होता आणि जाड कॅनव्हासचा नवा तंग शिवून दिला होता. बक्कल अडकवायला भोक मात्र एकच. “माप घेतल्यावर भोकांची माळ कशाला? ते अंदाजपंचे शिवणाऱ्यांचे धंदे,” असं तेव्हा त्यांनी मास्तरांना ऐकवलंही होतं.

“माझं माप चुकत नाही,” त्या आता कात्री आपटून म्हणाल्या. “तुमच्या पँटी सहा वर्षं कोण शिवतंय? पडली कधी सैल? झाली कधी घट्ट?”

“त्यात तुमचं काय कौतुक? माझी कंबर चौतीस होती, चौतीस आहे!”

यावर शिंपीणबाईंनी ओठांवर आलेला आकडा गिळला. मास्तर मापाला उभे राहिले की छाती वर, पोट आत आणि चेहरा लालबुंद. त्या मोठ्याने “चौतीस” म्हणत आणि मास्तरांची पाठ वळली की वहीत गुपचूप, अंदाजाने, अडतीस लिहीत.

तेवढ्यात खुर्चीवरून कापडाची सळसळ ऐकू आली. निवृत्तीच्या समारंभासाठी कोट शिवून घ्यायला आलेल्या मुख्याध्यापिका आपलं कापड हळूच परत पिशवीत सरकवत होत्या.

“मी नंतर येते हं. तशी घाई नाहीये काही.”

शिंपीणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. या बाईंच्या मागोमाग अख्खी शाळा त्यांच्याकडे कपडे टाकायची. आज हे कापड दुकानाबाहेर गेलं, की उद्या सगळ्या वर्गांत एकच चर्चा होणार, शिंपिणीची टेप खोटं बोलते.

“बाई, पिशवी असू दे हातात, पण तुम्हीही चला. मास्तर, उचला ते खोगीर. तुमच्या डोळ्यांदेखत मोजते!”

निघाली वरात. लेकीने जाता जाता भाजीच्या टोपलीतलं एक गाजर उचललं.

तबेल्यात भोळ्या अर्धे डोळे मिटून उभा होता. टेप अंगाभोवती फिरली. शहात्तर. पुन्हा फिरली. शहात्तर.

“बाई, तुम्ही वाचा.”

मुख्याध्यापिकांनी चष्मा लावून वाचलं, “शहात्तर.”

खोगीर चढलं. बक्कल एकुलत्या एका भोकात कशीबशी शिरली. तंगाखाली बोटही जाईना. “आता बसा!” शिंपीणबाई गरजल्या.

मास्तर बसले. भोळ्या चार पावलं चालला आणि घड्याळाचा काटा बारावरून तीनवर यावा तसे मास्तर सावकाश, ताठ मानेने खाली आले. या वेळी डावीकडे. दोन्ही बाजू आता सारख्या झाल्या.

“लबाड आहे हा घोडा!”

“त्याला नावं ठेवायची नाहीत, ताई! सहा वर्षांत एकदा फसवलं नाही त्याने मला!”

“मग काय, दुकानातून इथवर येताना माझी टेप आखडली?”

खोगीर काढून त्यांनी तिसऱ्यांदा टेप लावली आणि दोन्ही टोकं शहात्तरवर चिमटीत घट्ट धरली. नेमकं तेव्हाच लेकीने गाजर पुढे केलं. भोळ्याने डोळे उघडले आणि असा काही दीर्घ श्वास सोडला की लेकीच्या कपाळावरचे केस उडाले. शिंपीणबाईंच्या चिमटीतली टेप घोड्याच्या पोटाखाली झोपाळ्यासारखी लोंबली.

त्यांनी टेप पुन्हा आवळून पाहिली. घेर होता बहात्तर.

“आई, तो श्वास धरून बसला होता,” लेक म्हणाली. “इंजेक्शनच्या वेळी मी बसते ना, तसा.”

मास्तरांचा संताप आता घोड्याकडे वळला. “मापाच्या वेळी श्वास धरतोस? अरे, लाज वाटत नाही? आणि असल्याला मी साखर चारली!”

मुख्याध्यापिकांनी तिथेच पिशवीतून कापड काढलं आणि शिंपीणबाईंच्या खांद्यावर ठेवलं. शिंपीणबाईंनी मुकाट्याने तंगाला आणखी पाच भोकं पाडली. आधी पहिल्या भोकात अडकवायचं, घोड्याला दोन चकरा मारायला लावायच्या, तो विसरला की आवळायचं. खोगीर पुन्हा फिरलं नाही.

पंधरा दिवसांनी मुख्याध्यापिका कोट घालून बघायला आल्या, तेव्हा मास्तर नव्या पँटच्या मापाला उभे होते. छाती वर, पोट आत, चेहरा लालबुंद.

“लिहा, चौतीस,” ते दातांतून म्हणाले.

टेबलाखालची चिंधी हलली. लेक बाहेर आली, तिने मास्तरांकडे नीट निरखून पाहिलं, आतल्या खोलीत गेली आणि गाजर घेऊन आली. टाचा उंचावून तिने ते त्यांच्या तोंडासमोर धरलं.

आधी मुख्याध्यापिकांना हसू फुटलं. मास्तरांनी निकराने तग धरला, मिशा थरथरल्या, आणि मग तेही फुर्रकन हसले. शिंपीणबाईंच्या बोटांतून टेप सरकू लागली. पस्तीस, सदतीस, अडतीस.

अडतीसवर ती थांबायला हवी होती. थांबली एकोणचाळीसवर.

शिंपीणबाईंनी वही उघडली, सहा वर्षांचे सगळे अडतीस एकदा पाहिले आणि कुणाला दिसायच्या आत मिटली.