दार नसलेल्या घरावरची नोटीस

तुकाईवाडीत पृथ्वी तापवणारा नेमका कोण, हे शुक्रवारी पाचपर्यंत शोधून कळवण्याचा आदेश आला होता. मार्गदर्शनासाठी नगरहून अकरा गाड्या आल्या. सभा संपेपर्यंत गाड्या सुरूच होत्या, कारण एसी बंद केला की सीट तापतात.

साहेबांनी सांगितले, सर्वांत मोठा वाटा कार्बन डायऑक्साइडचा; तो डिझेल-कोळसा जाळून होतो. दुसरा मिथेन, गाई-म्हशींच्या ढेकरांतला. तिसरा नायट्रस ऑक्साइड, युरियातून येणारा. प्रत्येक वायूपुढे एकेक दोषी लिहायचा होता.

ग्रामसेवक आसाराम भाऊसाहेबांनी तक्ता भरायला घेतला. डिझेल म्हणजे सरपंच रामहरींचे चार टेम्पो. तिथे त्यांनी ‘माहिती घेणे सुरू आहे’ असे लिहिले. युरिया अख्खा गाव टाकत होता आणि निवडणूक तोंडावर होती. उरला मिथेन. सरपंचांच्या गोठ्यातल्या चाळीस गाई हा ‘प्रकल्प’ होता. लंकाबाईची कपिली मात्र नुसतीच गाय होती. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याइतका सोपा मार्ग सरकारी कामात दुसरा नसतो.

“भाऊसायेब, तिच्या दुधावर माजी चूल पेटती,” लंकाबाई काकुळतीला आली. “येकटी गाय ती. तिनं ढेकर बी देऊ न्हाई का?”

“मावशी, गाय एकटी असली तरी वायू जागतिक आहे.”

सात दिवसांत ढेकर थांबवावेत, अन्यथा जनावर जप्त, अशी नोटीस निघाली. ती दारावर डकवून फोटो पाठवायचा नियम. पण शेजारच्या शनिशिंगणापूरची रीत पाळणाऱ्या तुकाईवाडीत एकाही घराला दार नव्हते. वरून उत्तर आले, ‘प्रथम दार बसवावे.’

गाईसाठी ज्यांनी मान वर केली नव्हती, ते सगळे आता धावून आले.

“गाय न्या, पन दार न्हाई बसवायचं!” सरपंचांच्या आई दगडाबाई कडाडल्या. “द्येव कोपंल!”

लंकाबाईला वाटले, देवच पावला. पण रामहरींनी तोडगा काढला. त्यांच्या टेम्पोतून नगरहून भाड्याचे दार आले. ते लंकाबाईच्या भिंतीला टेकवले, त्यावर नोटीस डकवली, फोटो काढला, आणि दार धूर सोडत परत नगरला गेले.

कपिलीने ढेकर थांबवले नाहीत. आठव्या दिवशी तिला गाडीत चढवले. ज्या गावातून कधी चमचा चोरीला गेला नव्हता, तिथून भरदिवसा गाय गेली, तीही पावतीसह. लंकाबाई सवयीने रिकाम्या गव्हाणीत वैरण टाकत राहिली. तिला रडू आवरेना.

“भाऊसायेब, त्यो पैल्या नंबरवाला कोन, त्ये तरी सांगा.”

आसाराम भाऊसाहेबांनी तक्ता पाहिला. पहिल्या वायूपुढे अजून नाव नव्हते.

“मिळेल, मावशी. पण या वेळी दार असलेलंच घर शोधणार. दाराची ने-आण फार जड जाते.”

शोध सुरू आहे. आपल्या घराला दार आहे ना?