हरळी कातरायचं मशिन

बिरूतात्या दुकानात शिरले की आधी डोळे मिटत. बाकीची गिऱ्हाइकं वस्तू हातात घेतात, उलटीसुलटी करतात, किंमत विचारून परत ठेवतात. तात्या मान किंचित तिरकी करून उभे राहत आणि म्हणत, "आवाज काय करतंय, त्ये ऐकवा." टेबलफॅन त्यांनी असाच घेतला. थोरला जावईसुद्धा त्याच्या मोटारसायकलीचा आवाज ऐकून पसंत केला. "इंजिन घासत न्हाय. मानूस येळच्या येळी ऑइल बदलतोय," एवढ्यावर पोरगी दिली. जावई खरोखरच गुणी निघाला आणि आम्हा शेजाऱ्यांची पंचाईत झाली, कारण त्यानंतर तात्यांना बोलायची सोयच राहिली नाही.

मी तेव्हा सणसरच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होतो आणि तात्यांच्या शेजारी दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. तात्या साखर कारखान्याच्या ट्रॅक्टर विभागात बॅटऱ्या सांभाळून निवृत्त झाले होते. सारी नोकरी ॲसिड आणि डिस्टिल वॉटरमध्ये गेल्यामुळे त्यांना सगळं जगच बारा व्होल्टचं वाटे. वर्गात एखादा मागं पडला की "सेल बसलाय." कुणी रुसलं की "पाणी कमी पडलंय, टाका जरा." माझा विसरभोळा स्वभाव बघून मला सांगत, "गुरुजी, टर्मिनलला गंज चढलाय. गरम पाण्यानं धुवा." नेमकं कुठं धुवायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं काही ना काही उद्योग शोधतात. तात्यांनी घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात हरळी लावली.

शहरातल्या वाचकाला यात काही वावगं वाटणार नाही. पण आमच्या उसाच्या मुलखात हरळी म्हणजे हाडवैरीण. बायका कंबर मोडेस्तोवर ती खुरपून काढतात, तरी मुळाचा बोटभर तुकडा राहिला की पुन्हा सगळं रान धरते. आणि हा गृहस्थ ती मुद्दाम आणून, ओळीनं लावून, वर झारीनं पाणी घालत होता! कामाला निघालेल्या बायका कुंपणाशी थांबत.

"तात्या, खुरपाया येऊ का?"

"नगं गं. लॉन हाय त्यो."

लॉन म्हटल्यावर त्या तोंडाला पदर लावून पुढं जात.

हसू आलं नाही ते दत्तूअण्णांना. त्यांचा ऊस तात्यांच्या कुंपणाला लागून होता. ते एक दिवस येऊन तोंडावर सांगून गेले, "तात्या, तुमची हरळी वाढून माझ्या उसात शिरली तर आपलं जमायचं न्हाय. दिवाळीपतुर कापून ठेवा, न्हायतर बांधावरनं औषिद मारून सगळी जाळून टाकीन." दत्तूअण्णा बोलले की करणारे होते. पाठीवरचा फवारणीचा पंप ते जेवायलासुद्धा नाइलाजानं उतरवत.

मला यातला तोडगा फार सोपा वाटला. तात्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. पुढं कालव्याचं पाणी आलं, चरायची रानं उसाखाली गेली आणि त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, अख्खा कळप विकून शेती धरली. मी म्हणालो, "तात्या, एखादी मेंढी आणून बांधा की. बसल्या जागी साफ करील."

"बांधली हुती गुरुजी, मागल्या साली," तात्या म्हणाले. "एकटं मेंढरू ऱ्हात न्हाय. दोन दिस निस्तं वरडत हुतं. ते ऐकून आबांनी दोन दिस भाकरीला हात लावला न्हाय. दिली माघारी."

आबा नव्वदीला टेकले होते आणि त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. मागच्या पडवीत बाजेवर ते दिवसभर शांत बसून असत. उन्हं उतरली की मात्र त्यांची चलबिचल सुरू होई. काठी चाचपत पडवीच्या कडेला येत आणि हाक मारत, "बिरू, मेंढरं आली का रं?"

तात्या असतील तिथून ओरडत, "येत्यात, आबा!"

पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. दिवे लागेपर्यंत हे चाले, आणि मग आबा न जेवता भिंतीकडं तोंड करून पडत. वह्या तपासता तपासता मला त्याची इतकी सवय झाली होती की मी मान वर करूनही बघत नसे. आज त्याची लाज वाटते.

तर मशिनचा शोध सुरू झाला. इंग्रजी माहितीपत्रक वाचायला म्हणून मला बरोबर घेतलं. बारामतीच्या दुकानात शिरल्या शिरल्या तात्यांनी सांगितलं, "कातरायचं मशिन दावा. बॅटरीवरचं."

दुकानदारानं काचेच्या कपाटातून दाढीमिशा कातरायचं बोटभर यंत्र काढून चालू केलं. मेंढरांच्या घरात लोकर कातरतात, म्हणून तात्यांच्या तोंडी हिरवळही कातरायचीच, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? तात्यांनी मात्र रीतसर डोळे मिटून ऐकलं. "आवाज ब्येस हाय," ते म्हणाले, "पर ह्यानं अर्धा गुंठा कवा व्हायचा?"

खुलासा झाल्यावर वायरवरचं मशिन पुढं आलं. "मिक्सरात शेंगदाणं टाकल्यागत वाजतंय. आन् सांच्याला लाईट कुठं आसती?"

"मग सकाळी कापा की, काका," दुकानदार म्हणाला.

"सकाळी काय उपेग? सा ते सात चालाया पायजे."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी छताच्या पंख्याकडं बघितलं.

हातानं ढकलायचं मशिन बाद झालं, कारण तात्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी जोर लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. पेट्रोलवरचं बघायला आम्ही पिंपळीला एका पोल्ट्रीवाल्याच्या बंगल्यावर गेलो. त्यानं दोरी ओढली मात्र, तात्यांनी कानांवर हात ठेवले. "बंद करा, बंद करा! ह्या आवाजानं समदी बुजून पळत्याल." समदी म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. मला शाळेत वेळेवर पोचायचं होतं आणि मनातून मी तात्यांवर चिडलो होतो.

दिवाळी आठ दिवसांवर आली. दत्तूअण्णांनी तणनाशकाचा डबा आणून बांधावर ठेवला, अगदी आम्हाला दिसेल असा. आम्ही पुन्हा बारामतीला गेलो. या खेपेला दुकानदारानं आम्हाला बघताच हात जोडले आणि मागच्या गोदामातून एक धुळकट मशिन ओढत आणलं. कुणा बंगलेवाल्यानं परदेशातून मागवलेलं आणि न आवडून विकायला ठेवलेलं. आडव्या पात्यांचं, बॅटरीवरचं, आपल्या चाकांनी आपोआप चालणारं. दुकानापुढच्या गवताच्या पट्टीवर त्यानं ते सोडलं.

चर्र, चर्र, चर्र. बारीक, सावकाश आवाज. तात्या डोळे मिटून उभे होते. "आनि एकदा," ते म्हणाले. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्यांनी खिशातून पैसे काढले.

"एक चाक जरा वाकडंय, काका. टक् टक् वाजतं," दुकानदार म्हणाला. "नवं चाक मागवून फुकट बसवून देतो."

"त्ये मागनं बघू. आजच द्या."

घरी येऊन तात्यांनी बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली आणि दुसऱ्या दिवशी बरोबर सहा वाजता मशिन मागच्या दारी काढलं. तमाशा बघायला दत्तूअण्णा कुंपणाशी आले, मीही आलो. लाईट नेहमीप्रमाणे गेलेली होती, त्यामुळं आसपास कुठं रेडिओ नाही, मोटार नाही. आबा काठी चाचपत पडवीच्या कडेला आले होते आणि त्यांचं तोंड उघडणार, तेवढ्यात तात्यांनी बटण दाबलं.

चर्र, चर्र, चर्र, टक्. चर्र, चर्र, चर्र, टक्.

आबांचं तोंड तसंच राहिलं. मान किंचित तिरकी झाली. थेट तात्यांसारखी. कापलेल्या हरळीचा ओला वास पडवीत भरला. आबा हळूच खाली टेकले, काठी मांडीवर आडवी घेतली.

"आली व्हय रं?"

"आली, आबा. चरत्यात."

आबा बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्यात येक लंगडतीया."

"व्हय, आबा. काटा मोडलाय पायात. काढतो."

"दमानं काढ," आबा म्हणाले आणि त्यांनी सुनेला हाक मारून भाकरी मागितली.

दत्तूअण्णा वळले. जाताना बांधावरचा डबा उचलून घेऊन गेले. इतके महिने मी ज्याला तात्यांचं खूळ म्हणत होतो, ते सहा ते सात काय होतं हे मला त्या दिवशी कळलं.

दिवाळीनंतर दुकानदाराचा निरोप आला की नवं चाक आलंय, मशिन घेऊन या. मी तात्यांना सांगितलं. ते बॅटरीत डिस्टिल वॉटर भरत होते.

"नगं, गुरुजी," मान वर न करता ते म्हणाले. "आबा रोज तिची इचारपूस करत्यात. ती बरी झाली, तर मग काय इचारत्याल?"