आत्याची लाखोरी

शेवंता आत्या कुणालाही 'कसा आहेस' असं विचारत नाही. दारात पाऊल पडलं की तिचा प्रश्न तयार असतो, "सकाळी कोनती भाजी खाल्ली?" मयतीला गेली तरी रडून झाल्यावर ती हेच विचारते.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सत्तरी ओलांडलेली, अर्जुनी मोरगावजवळच्या खेड्यात एकटी राहते. अख्खा मुलूख तिनं भाज्यांवरून वाटून टाकलाय. "नागपूरवाले निस्ते आलू खातेत. गोंदियावाले समोस्यालेच भाजी समजतेत. अन् तुमी पुन्याचे? भाजीत गूळ टाकता बापा, ते तं औषध झालं!"

धान निघालं की भातखाचराच्या बांधीतली लाखोरी, म्हणजे लाख डाळीची वेल, वर येते. तिचे कोवळे शेंडे खुडून, वाळवून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती आत्या दरवर्षी एक गाठोडं मला पुण्याला धाडते. मी फोन करतो, "खाल्ली आत्या, मस्त झाली." खरं सांगतो, ती भाजी माझ्या घरात एकदाही शिजली नाही. गाठोडं फळीवर पडून राहतं आणि पावसाळ्यात कुबट वास आला की कचऱ्यात जातं. बारा वर्षं झाली. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो.

या हिवाळ्यात तिच्याकडे गेलो, तेव्हा ओसरीत आरोग्य केंद्राची ताई फॉर्म भरत बसली होती.

"आजी, हप्त्यातून किती दिवस फळं खाता?"

"काऊन? बिमार हाय का मी?"

"अंगणात तं बोरं पडून हायेत."

"ते बोरं व्हय. फळ मंजे बिमार मानसाले पन्नीच्या पिशवीत आनतेत ते."

ताईनं हसू दाबलं. "बरं, भाजी किती दिवस?"

आत्यानं एकदा आत चुलीकडे पाहिलं. "रोज. लिही, रोज."

ताई गेल्यावर मी पाणी प्यायला आत गेलो. चुलीजवळ टोपलीखाली आत्याचं जेवण झाकलेलं होतं. भात आणि मिरचीची चटणी. शेजारी माझं गाठोडं बांधून तयार.

आत्या मागं येऊन उभी राहिली. मी टोपली उचललेली तिनं पाहिली.

"एकटीसाठी कोन भाजी रांधते, बाबू?" ती म्हणाली. "भात कसाही गिळता येते. भाजीले दुसरं मानूस लागते."

मग मला राहवलं नाही. "आत्या, तुझी भाजी मी कधीच खाल्ली नाही. फेकून दिली. दरवर्षी."

"मालूम हाय मले."

"कसं?"

"कितीही पाखडली तरी रेती राहतेच हिच्यात. बारा वर्सांत एकडाव तरी दातात कचकचली मनला असता."

"मग धाडत कायले राहिलीस?"

मला माझ्याच तोंडून गावचा शब्द ऐकू आला. आत्या खाली बसली, गाठोड्याची गाठ सैल वाटली म्हणून पुन्हा आवळली.

"खाल्ली मनून सांगाले तुहा फोन येते ना."